बाथरूममधला एक्झॉस्ट फॅन इतका आवाज का करतो?

नवी दिल्ली : शहरांतील बहुतेक नव्या सदनिकांच्या बाथरूममध्ये आज एक्झॉस्ट फॅन असतो. तो किती वेळ चालतो, हा प्रश्न मात्र वेगळा. दाराबाहेरचे बटण दाबताच घरघर, खडखड किंवा शिट्टीसारखा सूर सुरू होतो. पहाटे कामावर निघणारा माणूस घरातल्यांची झोप मोडू नये म्हणून ते बटण दाबतच नाही. कोणी दाबलेच, तर आंघोळ संपताक्षणी पंखा बंद होतो. मग छताच्या कोपऱ्यांत काळे ठिपके दिसू लागतात, दाराची खालची कड फुगते, आरशामागचे स्क्रू गंजतात. तक्रार दुकानापर्यंत गेली की महागडा ‘सायलेंट’ पंखा घेण्याचा सल्ला मिळतो. तो बसवल्यावरही काही घरांत आवाज जवळपास पूर्वीइतकाच राहतो, आणि फसवणूक झाल्याची भावना मनात घर करते.

पुष्कळदा दोष पंख्याचा नसतो. एक्झॉस्ट फॅनच्या आवाजाला तीन उगम असतात. पात्यांनी कापलेल्या हवेचा खळखळाट हा पहिला, मोटार आणि बेअरिंगची गुणगुण हा दुसरा. पंख्याच्या कंपनाने थरथरणारी काच, पत्रा, प्लाय किंवा सिलिंगची पाटी हा तिसरा. खोक्यावर छापलेला डेसिबलचा आकडा पहिल्या दोहोंपुरता आणि तोही प्रयोगशाळेतील आदर्श स्थितीतला असतो. तिसरा उगम घरातच, पंखा बसवणाऱ्याच्या हातून तयार होतो.

खोक्यावरचे आकडे

पंखा निवडताना पहिला आकडा पाहायचा तो हवेचा. भारतीय बाजारात तो ताशी घनमीटरमध्ये, तर काही ठिकाणी मिनिटाला घनफूट म्हणजे ‘सीएफएम’मध्ये दिलेला असतो. १ सीएफएम म्हणजे ताशी सुमारे १.७ घनमीटर. वायुवीजनाची मानके ठरवणाऱ्या ‘ॲश्रे’ या अमेरिकी संस्थेच्या ६२.२ या मानकानुसार, गरजेपुरता चालवायच्या बाथरूमच्या पंख्याने किमान ५० सीएफएम आणि अखंड चालणाऱ्या पंख्याने किमान २० सीएफएम हवा बाहेर टाकली पाहिजे. लहान बाथरूमसाठी ‘जितके चौरस फूट, तितके सीएफएम’ हा ढोबळ नियमही वापरला जातो. आपल्याकडच्या ५ बाय ८ फुटांच्या नेहमीच्या बाथरूमचे क्षेत्रफळ ४० चौरस फूट. म्हणजे ५० सीएफएम, ताशी सुमारे ८५ घनमीटर, त्याला पुरेसे आहे.

दुकानात मिळणाऱ्या ६ इंची पंख्याच्या खोक्यावर बहुधा याच्या दुप्पट-तिप्पट आकडा असतो. तो मोकळ्या हवेतला असतो, पुढे पाइप, जाळी किंवा झडप काहीही नसतानाचा. प्रत्यक्षात त्यातील बराच भाग वाटेतच खर्ची पडतो, म्हणून थोडी जास्त क्षमता घेणे योग्य. मात्र ‘मोठी मोटार म्हणजे चांगला पंखा’ या समजुतीने स्वयंपाकघरात शोभणारा १२ इंची लोखंडी पंखा चिमुकल्या बाथरूममध्ये बसवण्यात काहीच हशील नाही.

दुसरा आकडा फेऱ्यांचा, आणि आवाजाच्या दृष्टीने तो अधिक बोलका आहे. भारतातील वीज ५० हर्ट्झची आहे. त्यामुळे साध्या दोन ध्रुवांच्या मोटारीची कमाल गती मिनिटाला ३,०००, चार ध्रुवांची १,५०० आणि सहा ध्रुवांची १,००० फेऱ्या. प्रत्यक्ष गती त्याहून थोडी कमी. हवेच्या आवाजाची तीव्रता गतीच्या साधारण पाचव्या घाताने वाढते. म्हणजे तोच पंखा २० टक्के कमी वेगाने फिरला तर आवाज सुमारे ५ डेसिबलने उतरतो, आणि वेग निम्मा केला तर १५ डेसिबलने. १० डेसिबलची घट कानाला साधारण निम्म्या आवाजासारखी भासते, हे लक्षात घेतले तर यातला फायदा कळतो. सारखीच हवा टाकणाऱ्या दोन पंख्यांपैकी मोठ्या व्यासाचा आणि संथ फिरणारा पंखा जवळजवळ नेहमीच शांत असतो. भिंतीत जागा असेल तर वेगाने फिरणाऱ्या ६ इंचीपेक्षा सावकाश फिरणारा ८ इंची पंखा घ्यावा.

जुना पंखा रेग्युलेटर लावून संथ करण्याची युक्ती मात्र जपून वापरावी. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेच्या लहरीचा काही भाग कापतो. त्यामुळे हवेचा आवाज कमी झाला तरी मोटार गुणगुणू लागते, आणि रात्रीच्या शांततेत ती गुणगुण अधिक टोचते. कंडेन्सरवर चालणाऱ्या टप्प्याटप्प्यांच्या रेग्युलेटरमध्ये हा त्रास कमी असतो.

तिसरा आकडा डेसिबलचा. त्यात खरी मेख अंतराची आहे. कोणी हा आकडा पंख्यापासून १ मीटरवर मोजतो, कोणी ३ मीटरवर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने कमी होतो. म्हणजे ३ मीटरवर ३५ डेसिबल नोंदवणारा पंखा १ मीटरवर सुमारे ४५ डेसिबलचा ठरतो. आंघोळ करणाऱ्याच्या डोक्यापासून पंखा तीन मीटर दूर असेल, असे बाथरूम फार थोड्यांच्या नशिबी असते. शिवाय सगळ्या भिंतींना टाइल्स असल्याने आवाज शोषला न जाता पुन्हा पुन्हा परततो. त्यामुळे अंतर नमूद नसलेला डेसिबलचा आकडा तुलनेला निरुपयोगी समजावा.

परदेशी बनावटीच्या काही पंख्यांवर ‘सोन’ हे एकक आढळते. १,००० हर्ट्झचा ४० डेसिबलचा सूर कानाला जितका मोठा वाटतो, तो १ सोन. २ सोन म्हणजे ऐकायला त्याच्या दुप्पट. त्याच ६२.२ मानकात अखंड चालणाऱ्या पंख्याला १ सोनची, तर गरजेपुरत्या चालणाऱ्याला ३ सोनची मर्यादा आहे. हे मोजमाप ग्राहकाला समजायला डेसिबलपेक्षा सोपे आहे, पण आपल्या बाजारात ते अजून रुळलेले नाही.

याखेरीज दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. बॉल बेअरिंग असलेला पंखा दीर्घकाळ टिकतो. बुश असलेला पंखा सुरुवातीला शांत असला, तरी तेल आटले की कुरकुरू लागतो, विशेषतः छतात आडवा बसवल्यावर. दुसरे, शॉवरजवळच्या पंख्याला आयपीएक्स४ किंवा त्याहून वरचे मानांकन असावे. चारही बाजूंनी उडणारे पाणी त्याच्या विद्युत भागांना बाधत नाही, असा त्याचा अर्थ.

भिंतीतले भोक

मुंबईपासून कोलकात्यापर्यंत जुन्या इमारतींत पंखा बसवण्याची नेहमीची रीत म्हणजे खिडकीच्या लूव्हरच्या चार-पाच काचा काढून त्या जागी ॲक्रिलिकची पाटी किंवा पातळ प्लाय लावायचा, त्याला गोल भोक पाडायचे आणि पंखा स्क्रूने आवळायचा. काम अर्ध्या तासात होते, पण अशी पाटी ढोलाच्या चामड्यासारखी वागते. पंख्याचे बारीकसे कंपन ती मोठे करून खोलीभर पसरवते. बाजूच्या सैल काचा त्यात आपली किणकिण मिसळतात. ही पाटी किमान १२ मिलिमीटर जाडीच्या मरीन प्लायची किंवा पीव्हीसी बोर्डची असावी, ती चौकटीत चारही बाजूंनी रबरी पट्टीवर बसावी, आणि पंखा व पाटी यांच्यामध्ये फोमची किंवा रबराची कडी असावी. हा खर्च नव्या पंख्याच्या मानाने किरकोळ आहे.

पक्क्या भिंतीत बसवतानाची चूक याच्या उलट असते. गवंडी पंख्याची चौकट थेट सिमेंटमध्ये गाडून टाकतो. मग कंपन भिंतीत उतरते आणि पलीकडच्या खोलीत उशीशी ऐकू येते. पुढे पंखा काढायची वेळ आली की टाइल फोडावी लागते, ते वेगळेच. भोक पंख्यापेक्षा थोडे मोठे ठेवून मधली फट फोमच्या पट्टीने आणि सिलिकॉनने भरणे हा योग्य मार्ग. प्लॅस्टिकच्या पंख्याचे स्क्रू एकाच बाजूने करकचून आवळले तर चौकट पिळली जाते, पाते कडेला घासू लागते आणि नव्या पंख्याची पहिल्याच दिवशी खरखर सुरू होते. समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत, आणि मधून हाताने पाते फिरवून पाहावे.

पंखा छतात असेल तर पुढचा पाइप निर्णायक ठरतो. ११० मिलिमीटरचा गुळगुळीत पीव्हीसी पाइप, शक्य तितका आखूड आणि सरळ, ही उत्तम व्यवस्था. ॲल्युमिनियमचा लवचिक पाइप वापरायचाच असेल, तर तो पूर्ण ताणून जादा लांबी कापून टाकावी. चुण्या पडलेल्या पाइपात हवा अडते, घोंगावते आणि बाहेर कमी पडते. पंख्याला चिकटूनच काटकोनी वळण देऊ नये. पाइपला बाहेरच्या बाजूने मीटरमागे एक-दोन सेंटीमीटर उतार हवा, नाहीतर वाफेचे पाणी होऊन ते मोटारीवर ठिबकते. काही ठिकाणी पाइप फॉल्स सिलिंगमध्येच सोडून दिलेला आढळतो. तेथे ओलावा बाहेर जातच नाही, तो नजरेआड साचतो.

साधा पात्यांचा पंखा भिंतीच्या जाडीइतके किंवा फार तर मीटरभर अंतर पार करतो. त्यापुढे हवा ढकलण्याचा दाब त्याच्याकडे नसतो. लांब पाइपासाठी ब्लोअरसारखा सेंट्रिफ्युगल पंखा किंवा पाइपच्या मध्ये बसणारा इनलाइन पंखा घ्यावा लागतो. बजेट असेल त्याच्यासाठी इनलाइन हाच सर्वांत शांत पर्याय आहे. मोटार बाथरूमबाहेर, पॅसेजच्या सिलिंगमध्ये रबरी टांगण्यांवर लटकते आणि बाथरूममध्ये केवळ जाळी दिसते. दुरुस्तीसाठी सिलिंगला झाकण ठेवायला मात्र विसरू नये.

उंच इमारतींमध्ये अनेक मजल्यांच्या बाथरूमची तोंडे एकाच डक्टमध्ये उघडतात. पंखा बंद असताना खालच्या मजल्यावरचा वास वर येऊ नये म्हणून बाहेरच्या बाजूला उघडझाप करणारी झडप लावतात. तिच्या हलक्या पट्ट्या वाऱ्याने टकटक वाजतात, आणि रहिवासी पंख्याला दोष देतात. पट्टीच्या कडेला नमद्याची बारीक चिकटपट्टी लावली की हा आवाज बहुधा थांबतो.

हवा येणार कुठून?

पंखा बाहेर टाकील तेवढीच हवा आत आली पाहिजे. हा मुद्दा सर्वाधिक दुर्लक्षित आहे, आणि भारतीय बाथरूमच्या रचनेत तो अधिकच महत्त्वाचा ठरतो. पाणी बाहेर येऊ नये म्हणून आपल्याकडे बाथरूमला ग्रॅनाइटचा उंबरा असतो आणि दार त्याला जवळजवळ टेकते. ७० सेंटीमीटर रुंद दाराखाली ५ मिलिमीटर फट असेल, तर हवेला वाट मिळते ३५ चौरस सेंटीमीटरची. १०० मिलिमीटर व्यासाच्या पाइपचे तोंड असते सुमारे ७८ चौरस सेंटीमीटरचे. म्हणजे निम्म्याहून कमी वाटेने हवा ओढली जाते. दाराशी शिट्टी वाजते, पंखा धापा टाकल्यासारखा घोंगावतो आणि वाफ जागच्या जागी राहते. सुताराकडून दार खालून तासून फट १५ ते २० मिलिमीटर करून घ्यावी, किंवा दाराच्या खालच्या भागात जाळी बसवावी. पीव्हीसीच्या दारांत अशी जाळी सहज बसते.

पंख्याशेजारची खिडकी उघडी ठेवणे हा यावरचा उपाय नव्हे. त्या खिडकीतून आलेली हवा तशीच पंख्यातून बाहेर जाते आणि शॉवरखालची वाफ हलतही नाही. लूव्हरमध्ये बसवलेल्या पंख्याच्या वरखालच्या काचा उघड्या असणे, हे दृश्य घरोघरी दिसते. पंखा चालू असताना त्या मिटाव्यात. पंखा दारापासून दूर, शॉवरजवळ आणि छतालगत असावा, म्हणजे हवा सगळी खोली ओलांडून जाते.

आंघोळीनंतर १५ ते २० मिनिटे पंखा चालला तरच भिंतींवरचा ओलावा निघतो. दिल्लीच्या हिवाळ्यात १० अंश तापमानाच्या हवेत घनमीटरमागे जास्तीत जास्त ९ ग्रॅमच्या आसपास बाष्प मावते. अशी हवा आत येऊन गरम झाली की बाथरूम झपाट्याने सुकते. कोकणात किंवा केरळात भर पावसाळ्यात २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असताना बाहेरच्याच हवेत घनमीटरमागे २४ ग्रॅम बाष्प असते. तरीही गरम पाण्याच्या आंघोळीनंतर ३५ अंशांच्या वाफाळ खोलीत ते ४० ग्रॅमपर्यंत पोहोचते, त्यामुळे तिथेही पंख्याचा उपयोग होतोच. वेळ मात्र अधिक लागतो. आपोआप बंद होणारा टायमर लावणे यासाठीच सोयीचे. विजेची चिंता करण्याजोगे त्यात काही नाही. ३० वॅटचा पंखा रोज तासभर चालला तरी महिन्याला एक युनिटही खर्च होत नाही.

गॅस गिझर असेल तर

आतापर्यंतची चर्चा सोयीची होती. बाथरूममध्ये किंवा त्याला लागून गॅस गिझर असेल, तर प्रश्न जिवाचा होतो. बंद बाथरूममध्ये गॅस गिझरमुळे मृत्यू झाल्याच्या बातम्या देशाच्या निरनिराळ्या भागांतून दर हिवाळ्यात येतात. एलपीजी जळायला त्याच्या आकारमानाच्या सुमारे २५ ते ३० पट हवा लागते. लहान, बंद खोलीत प्राणवायू उणा पडू लागला की ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके जड होते, गरगरते, मळमळते, आणि धोका उमगण्यापूर्वीच माणूस बेशुद्ध होतो.

एक्झॉस्ट फॅन असल्याने असा गिझर सुरक्षित होतो, ही समजूत घातक आहे. पंखा आवाजामुळे बंद ठेवलेला असू शकतो, वीज गेलेली असू शकते. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की हवा आत यायला पुरेशी वाट नसेल तर चालू पंखा खोलीतला दाब कमी करतो आणि गिझरच्या धुराड्यातून वर जाणारा वायू उलटा आत ओढू शकतो. चांगला, जोरकस पंखा येथे बाधकही ठरू शकतो. म्हणून गॅस गिझर आणि सिलिंडर दोन्ही बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत असावेत आणि आत फक्त गरम पाण्याचा नळ यावा. मुंबई-पुण्यातील सदनिकांत गिझर अनेकदा ड्राय बाल्कनीत असतो. तेथे उघडणारी बाथरूमची खिडकी किंवा जाळी असेल, तर पंख्याला लागणारी हवा तिथूनच ओढली जाते. ती वाट बंद करून हवा घरातल्या बाजूने, दाराखालून येईल अशी व्यवस्था करावी. बाल्कनीला नंतर काचा बसवून ती बंदिस्त केली असेल, तर तिला मोकळी जागा मानता येत नाही.

आत कोणी बेशुद्ध आढळल्यास दार उघडून त्याला आधी मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा आणि ११२ क्रमांकावर मदत मागावी. गॅसचा वास येत असताना एक्झॉस्ट फॅनचे बटण दाबू नये. त्या ठिणगीनेच भडका उडू शकतो. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, तो छतालगतच्या पंख्याने सहजी बाहेर जातही नाही. दारे-खिडक्या उघडाव्यात.

विजेच्या जोडणीत पंख्याचे बटण बाथरूमबाहेर असावे, तीन तारांची जोडणी आणि अर्थिंग असावे, आणि त्या सर्किटवर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी असावा. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे. भोक पाडण्यापूर्वी ती जागा बीम किंवा कॉलमची नाही, याची सोसायटीकडील नकाशावरून खात्री करून घेणेही आवश्यक आहे.

काम संपल्यावर कारागीर जाण्याआधी एक चाचणी करता येते. पंखा चालू करून, दार उघडे ठेवून जाळीवर पातळ कागद धरावा; तो चिकटून राहिला पाहिजे. मग दार पूर्ण लावावे. कागद गळून पडला किंवा पंख्याचा सूर बदलला, तर आत येणारी हवा अपुरी आहे. त्यानंतर हाताचा तळवा पंख्याभोवतीच्या पाटीवर, काचेवर, सिलिंगवर टेकवून पाहावा. जिथे हात लावताच आवाज उतरतो, तिथे रबराची पट्टी कमी पडलेली असते. दर सहा महिन्यांनी वीज बंद करून पाती पुसावीत. पात्यांवर असमान साचलेली धूळ तोल बिघडवते आणि दोन वर्षे शांत असलेला पंखा तेवढ्यानेच थरथरू लागतो.